वहीतली एक दुरुस्ती : बंदिशकार प्रभा अत्रे

माझ्या सात नंबरच्या वहीत एकेचाळिसाव्या पानावर निळ्या शाईत एक नोंद आहे. 'मारूबिहाग. द्रुत तीनताल. जागू मैं सारी रैना. पारंपरिक.' नोंद १९८८ सालची, अक्षर माझेच. राग बरोबर आहे, ताल बरोबर आहे, शब्द बरोबर आहेत. शेवटचा शब्द चूक आहे. ही बंदिश पारंपरिक नव्हे, ती डॉ. प्रभा अत्रे यांची रचना आहे. मी महाडला बसून तिच्यापुढे 'पारंपरिक' असे लिहिले, तेव्हा प्रभाताई मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या, देशभर गात होत्या आणि नव्या बंदिशी रचत होत्या.

चूक वहीतच राहिली असती तर आज हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण पुढे काही वर्षांनी एका स्मरणिकेसाठी मी रागवार बंदिशींची एक यादी करून दिली आणि तीत हा शब्द छापला गेला. कोणीही हरकत घेतली नाही. ती यादी वापरून कोणी गायले असेल, कोणी शिकवले असेल. १३ जानेवारी २०२४ रोजी, शनिवारी, पुण्यात वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी प्रभाताई गेल्या. त्यानंतर गायिका म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहून आले, आणि ते रास्तच होते. मला मात्र त्यांची आठवण बंदिशकार म्हणून करायची आहे, आणि ती माझ्या चुकीपासूनच सुरू करावी लागेल.

माझी संगीताची पात्रता आधी सांगून टाकतो. मी कोणाचा गंडाबंध शिष्य नाही. महाडच्या बाजारपेठेत आमचे वह्या-पुस्तकांचे दुकान. पुढे त्यात झेरॉक्सचे मशीन आले. घरात गाणे नव्हते, पण टू-इन-वन होता. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम लागायचा. पावसाळ्यात सह्याद्रीवर वीज चमकली की खरखर वाढायची आणि नेमका समेचा शब्द त्या खरखरीत बुडायचा. मी कोऱ्या कॅसेटवर ते ध्वनिमुद्रित करी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हापुन्हा ऐकून शब्द लिहून काढी. सुरांचे जे कळत नसे ते पोलादपूरला मास्तरांकडे जाऊन विचारी. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. भजनी मंडळांना पेटीची साथ करत आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना दरसाल चार-दोन मुले बसवत. महाडहून पोलादपूर एसटीने अर्ध्या-पाऊण तासाचे. माझ्या साऱ्या संशोधनाचा प्रवास एवढ्याच अंतरात झालेला आहे.

आता 'पारंपरिक' हा शब्द मी का लिहिला? बंदिश प्रभा अत्रे यांनी गायली आहे हे मला ठाऊक होते. मारूबिहाग आणि कलावती असलेली त्यांची ती ध्वनिमुद्रिका माहीत नसलेला श्रोता त्या काळात विरळा. तिची कॅसेट माझ्याकडे होती. परंतु गाणारी बाई आणि रचणारी बाई एकच असू शकेल, ही शंकाच मला आली नाही. भावगीत म्हटले की कवी कोण, संगीतकार कोण, हे आपण विचारतो. ख्याल म्हटला की फक्त 'कोण गातंय' एवढेच विचारतो. चीज आधीपासून होतीच, असे गृहीत धरून चालतो.

दुसरे कारण बंदिशीतच आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे. ती जुनी वाटते. विषय नेहमीचा, रात्र जागून काढणाऱ्या स्त्रीचा. भाषा ख्यालाला सवयीची ब्रज वळणाची. मारूबिहागात आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य, तीव्र मध्यमाचा संचार मोठा आणि शुद्ध मध्यम षड्जाच्या संगतीने मोजकाच येणारा. द्रुत बंदिश नीट बांधलेली असली की रागाचे हे वागणे मुखड्याच्या एका फेरीतच कानाला पटते. इथे ते पटते. 'जागू'तला दीर्घ आकार आणि 'रैना'तला ऐकार पाहा. गळा मोकळा सुटायला जागा आहे आणि पुन्हा मुखड्यावर यायला वाट आहे. दोनशे वर्षे अनेक गळ्यांतून घासून गुळगुळीत झालेल्या चिजेला जी सहजता येते, ती या बंदिशीला जन्मतःच आहे. म्हणून माझ्यासारखा फसला. रचना जितकी चांगली साधते तितके रचणाऱ्याचे नाव लवकर पुसले जाते, असा हा उलटा व्यवहार आहे.

आपल्या परंपरेला तो ठाऊक नव्हता असे नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात वाग्गेयकार ही संज्ञा सविस्तर आली आहे. पद्य म्हणजे मातू आणि त्याची स्वररचना म्हणजे धातू; दोन्ही ज्याला साधतात तो उत्तम वाग्गेयकार. ख्यालाच्या काळात रचनाकारांनी नाव टिकवण्याची युक्ती काढली ती मुद्रेची, म्हणजे बंदिशीच्या शब्दांतच टोपणनाव गुंफण्याची. अठराव्या शतकात दिल्ली दरबारचे नियामत खाँ 'सदारंग' झाले. विसाव्या शतकात फैयाज खाँ 'प्रेमपिया', श्रीकृष्ण रातंजनकर 'सुजान', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास'. या यादीत स्त्रियांची नावे शोधत बसावे लागते. मौजेची गोष्ट अशी की, ख्याल-ठुमरीत बोलणारी बहुधा स्त्रीच असते. सासू-नणंदेचा जाच तिला, विरह तिला, पैंजणांची अडचणही तिलाच. शब्द मात्र बहुतेक पुरुषांनी लिहिलेले. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या बायका पुरुषांनी कल्पिलेल्या बाईचे मन गात आल्या. अशा ठिकाणी एका बाईने स्वतः शब्द लिहावेत, स्वतः स्वर द्यावेत आणि स्वतः मैफिलीत मांडावेत, ही साधी गोष्ट नव्हती.

प्रभाताईंना हे बळ कुठून आले, याचा विचार करताना त्यांच्या घडणीकडे पाहावे लागते. जन्म पुण्याचा, १३ सप्टेंबर १९३२. घरात गाण्याचा वारसा नाही. आईची प्रकृती बरी नव्हती. गाणे शिकल्याने मनाला बरे वाटेल म्हणून शिकवणी लावली. आईचे शिकणे थांबले आणि ऐकत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीचे सुरू झाले. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर हे गुरू लाभले. दोघेही अब्दुल करीम खाँसाहेबांची मुले. सुरेशबाबू १९५३ मध्ये गेले, म्हणजे त्यांचा सहवास थोडाच मिळाला. एकीकडे प्रभाताईंनी फर्ग्युसनमधून विज्ञानाची आणि नंतर कायद्याची पदवी घेतली. संगीत नाटकांत भूमिका केल्या, आकाशवाणीत नोकरी केली. अमीर खाँ आणि बडे गुलाम अली खाँ यांच्या गायकीचा आपल्यावर संस्कार आहे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. घराण्याचा अभिमान आणि घराण्याबाहेरचे ऋण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करणारे कलावंत तेव्हा फार नव्हते.

त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता सरगम. ख्यालात स्वरांची नावे घेऊन गाणे अनेक जाणत्यांना हलके वाटे. ती तालमीची गोष्ट, मैफिलीची नव्हे, असे म्हटले जाई. प्रभाताईंनी नुसती सरगम गायली नाही, तर ती का गावी याचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. रागाची वेळ ठरलेली असणे संगीताच्या दृष्टीने कितपत आवश्यक आहे, असाही प्रश्न त्यांनी विचारला. ख्यालात शब्द येतो तो मुख्यतः नाद म्हणून, अर्थ त्याच्या मागून, हा त्यांचा आग्रह होता. हा शेवटचा विचार लक्षात घेतला की त्यांनी स्वतः बंदिशी का रचल्या याचा थोडा उलगडा होतो. ज्या गायिकेला अक्षराचा नाद इतका महत्त्वाचा वाटतो, तिला दुसऱ्याच्या मापाचे शब्द किती दिवस पुरणार? अपूर्व कल्याण, दरबारी कंस, पटदीप मल्हार, मधुर कंस, शिवकली, तिलंग भैरव असे नवे रागही त्यांनी योजले. आणि नव्या रागाला जुनी चीज कुठून मिळणार? ती नवीच करावी लागते.

इथवरचे बरेचसे मला पूर्वीही ठाऊक होते. तरी वहीतला शब्द बदलला नव्हता. तो कसा बदलला ते सांगतो.

२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडात शिरले. आमच्याकडे पूर नवा नाही. दुकानातला माल किती फळ्या वर चढवायचा याचा प्रत्येकाचा अंदाज ठरलेला असतो. त्या रात्री सगळ्यांचे अंदाज चुकले. पाणी उतरले तेव्हा झेरॉक्सचे मशीन चिखलाने भरलेले होते आणि पोटमाळ्यावरच्या दोन ट्रंकांतल्या कॅसेटी आणि वह्या यांचा एकच लगदा झाला होता. फीत धुऊन वाळवता येते असे कोणीतरी म्हणाले. चार दिवस मी तेच करत बसलो. त्याच संध्याकाळी आमच्या तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली होती. ती बातमी नीट कळली तेव्हा मी फिती वाळत घालणे थांबवले. त्यांच्यासाठी रडण्याची लाज वाटली. तरीही तीस-पस्तीस वर्षांचे ऐकणे गेले ते गेलेच.

माझ्या फक्त तीन वह्या वाचल्या, कारण त्या पोलादपूरला मास्तरांकडे होत्या. सात नंबरची त्यांपैकी एक. त्या आणायला गेलो तेव्हा मास्तरांनी कपाटातून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. 'स्वरांगिणी'. प्रभाताईंच्या बंदिशींचे, स्वरलिपीसह. म्हणाले, "तुमचं एकेचाळिसावं पान आणि हे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून बघा." त्यांना चूक कळून बरीच वर्षे झाली होती. मी विचारले, आधी का नाही सांगितलंत? त्यावर ते म्हणाले, "तुम्ही छापून मोकळे झाला होतात. आणि तुम्ही कधी विचारलंत?"

मास्तरांच्या या बोलण्याला एक जुना संदर्भ आहे. ते ज्यांच्याकडे शिकले ते बुवा स्थायी शिकवत आणि अंतऱ्याला म्हणत, "पुढच्या खेपेला." ती खेप कित्येकदा आलीच नाही. एका चिजेचा अंतरा मास्तरांनी खिडकीबाहेर उभे राहून मिळवला होता. चीज माणूस बघून द्यायची, सगळ्यांना सगळे द्यायचे नाही, हा त्या पिढीचा नियम. नियमामागे लोभ होता तशी भीतीही होती. चीज हीच शेती आणि चीज हेच घर, अशी कलावंतांची स्थिती होती. या बंद कपाटांना पहिले मोठे भगदाड पाडले भातखंड्यांनी. गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी शेकडो चिजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीसह छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या खुणांवर पोलादपूरच्या शाळामास्तराला दिल्ली-आग्ऱ्याची चीज वाचता येऊ लागली.

पण भातखंड्यांनी छापल्या त्या मुख्यतः दुसऱ्यांच्या, आधीच्या पिढ्यांच्या चिजा. आपल्या स्वतःच्या रचना, आपण ज्यांवर मैफिली जिंकतो त्याच रचना, हयातीत उघड्यावर मांडणे ही पुढची पायरी. कुमार गंधर्वांचा 'अनूपरागविलास' १९६५ मध्ये आला तो असाच. प्रभाताई याच वाटेने गेल्या. 'स्वरांगिणी', 'स्वररंजनी' अशा पुस्तकांतून त्यांच्या पाचशेहून अधिक रचना स्वरलिपीबद्ध होऊन लोकांपुढे आल्या. ज्याला पुस्तकाचे पैसे आणि थोडी स्वरलिपी यांची जुळणी करता आली, त्याला त्या मिळाल्या. खिडकीबाहेर उभे राहण्याची गरज उरली नाही. त्यांच्या रचनेबरोबर त्यांचे नावही कागदावर आले, म्हणून माझी चूक सापडू शकली. त्यांनी फक्त गाऊन ठेवले असते तर माझा 'पारंपरिक' शब्द आणखी पन्नास वर्षे टिकला असता.

कागदावर गाणे राहते का, हा आक्षेप जुनाच आहे आणि तो टाळून चालणार नाही. आम्ही त्याची एक घरगुती परीक्षा घेतली. मास्तरांची नात तेव्हा दहावीत होती. तिला त्या पुस्तकातली, आम्ही तिघांनीही कधी न ऐकलेली एक बंदिश बसवायला दिली. पहिल्या दिवशी तिने ती पाढ्यासारखी वाचून दाखवली. स्वर बरोबर, मात्रा बरोबर, आणि गाणे कुठेच नाही. मींड किती लांबवायची, कोणत्या स्वरावर वजन द्यायचे, समेआधी श्वास कुठे घ्यायचा, यातले लिपीत फार थोडे येते. आठवड्याने मास्तरांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "आता आठवून म्हण." त्या दिवशी एक आवर्तन चुकले, दुसरे जमले आणि तिसऱ्याला तिने अंतऱ्यातून मुखड्यावर येताना एक छोटी जागा घेतली, जी पुस्तकात नव्हती. मास्तरांची पेटी क्षणभर थांबली. पोरीला वाटले चुकले. मास्तर म्हणाले, "चुकलं नाही. तिथे जायला त्यांनी वाट ठेवलेली आहे, म्हणून तू गेलीस."

कागदावर गाणे राहत नाही, हे त्या आठवड्यात मला पटले. पण गाण्यापर्यंत जाण्याची वाट राहते, हेही पटले. माझ्या कॅसेटींत प्रभाताईंचा आवाज होता आणि तो आवाज गेला. बाजारात त्याच्या दुसऱ्या प्रती आहेत म्हणून मी निभावलो, एवढेच. पण कॅसेट लावून मी फक्त ऐकू शकत होतो. पुस्तकाने त्या मुलीला गायला लावले.

पोलादपूरला जाताना-येताना मला नेहमी आणखी एक गोष्ट आठवते. शिवाजी महाराजांच्या हयातीत त्यांचे चरित्र संस्कृत काव्यात लिहिणारे कवींद्र परमानंद यांची समाधी याच गावात आहे. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या शेकडो गाड्या इथूनच वळतात. किती जणांना ती ठाऊक असेल कोण जाणे. त्यांच्या 'शिवभारता'ची पोथी मिळाली ती मात्र दूर तंजावरला, आणि १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकरांनी ते काव्य छापून प्रसिद्ध केले. समाधी पोलादपूरला राहिली. काव्य वाचले ते कोणीतरी, कुठेतरी दूर, नक्कल करून ठेवली म्हणून. दगडाने स्थळ राखले, नकलेने काव्य राखले. प्रभाताईंच्या बाबतीत ती नक्कल काढण्याचे काम त्यांनी स्वतःच, हयातीत, नीट निगुतीने करून ठेवले. पद्मविभूषणापर्यंतचे मानसन्मान त्यांना मिळाले, पुण्यात गुरुकुल उभे राहिले, शिष्य तयार झाले. माझ्यासारख्या आडगावच्या माणसाच्या हिशेबात त्या पुस्तकांचे मोल या सगळ्याच्या बरोबरीचे आहे.

२०२१ च्या दिवाळीत मी प्रभाताईंना पत्र लिहायला घेतले होते. चूक कबूल करायची, स्मरणिकेतल्या यादीची झेरॉक्स जोडायची आणि एक प्रश्न विचारायचा, की आपली रचना लोक पारंपरिक समजून गातात याचा आपल्याला आनंद होतो की राग येतो? मसुदा तीनदा केला. प्रत्येक वेळी वाटले, आधी नीट अभ्यास होऊ दे, मग पाठवू. जानेवारी २०२४ मधल्या त्या शनिवारी दुकानात गिऱ्हाइकाच्या प्रती काढत असताना फोनवर बातमी आली. मसुदा वहीतच आहे. प्रश्नाचे उत्तर आता मिळणार नाही. पण ज्यांनी इतकी मेहनत घेऊन आपल्या रचना आपल्या नावानिशी छापल्या, त्यांना नावाची पर्वा नव्हती असे मला वाटत नाही. आणि स्वतःपुरत्या ठेवायच्या असत्या तर त्यांनी छापल्याच नसत्या.

त्या वर्षीच्या गणपतीत पोलादपूरजवळच्या एका वाडीत मास्तरांच्या नातीचे गाणे होते. श्रोते सारे भजनाला आलेले, समोर पोरे-बाळे, मंडपावर पावसाची टपटप. तिने दोन अभंगांच्या मध्ये मारूबिहाग घेतला. सुरू करण्याआधी माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "रचना डॉ. प्रभा अत्रे." मंडपातल्या कितीजणांना हे नाव ठाऊक होते, सांगता येत नाही. मी मागे बसलो होतो. घरी आल्यावर सात नंबरची वही काढली, एकेचाळिसाव्या पानावरचा तो शब्द एका रेघेने खोडला, वाचता येईल एवढाच, आणि शेजारी तिने उच्चारले तसेच नाव लिहिले. खाली तारीख घातली.